आत्मा केव्हा येतो, हा प्रश्न बाजूला ठेवून

गर्भपाताला ख्रिस्ती धर्माचा विरोध का, असे विचारले की बहुधा एकच उत्तर मिळते: गर्भधारणेच्या क्षणीच आत्मा शरीरात येतो, म्हणून. हे उत्तर इतिहासाला धरून नाही. ख्रिस्तसभेने गर्भपात अगदी आरंभापासून निषिद्ध मानला. आत्म्याच्या आगमनाचा क्षण मात्र तिने अधिकृत सिद्धांत म्हणून कधीच ठरवला नाही. निषेध स्थिर राहिला आणि त्यामागची उपपत्ती बदलत गेली. हा भेद ध्यानात घेतला नाही, तर ख्रिस्ती भूमिकेचे बळ कळत नाही आणि तिची अडचणही कळत नाही.

बायबलमध्ये गर्भपाताविषयी थेट आज्ञा नाही. नेहमी पुढे केले जाणारे उतारे तीन: यिर्मयाचे पाचारण, 139 वे स्तोत्र आणि लूकच्या शुभवर्तमानातील मरिया आणि अलीशिबा या गरोदर स्त्रियांची भेट. पहिले दोन उतारे देवाचे माणसाशी असलेले नाते सांगतात, आणि ते नाते जन्माआधी सुरू होते असे म्हणतात. त्यांतून दंडसंहिता काढणे म्हणजे प्रार्थनेला न्यायालयात साक्षीला उभे करणे. लूकचा प्रसंग मला अधिक वजनदार वाटतो, कारण त्यामागे देहधारणेचा सिद्धांत उभा आहे. ख्रिस्त मनुष्य झाला तो बेथलेहेमच्या गोठ्यात नव्हे, मरियेच्या उदरात. म्हणूनच नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी, 25 मार्चला, देवदूताच्या निरोपाचा सण येतो. सातव्या शतकात मॅक्सिमस या ग्रीक धर्मपंडिताने याच धाग्यावरून शरीर आणि आत्मा एकाच वेळी अस्तित्वात येतात, असे प्रतिपादन केले.

कायद्याच्या भाषेत बोलणारा उतारा एकच, निर्गम या पुस्तकाच्या 21 व्या अध्यायातला. मारामारीत गरोदर स्त्रीला धक्का लागून गर्भ पडला तर काय, हा तिथला प्रश्न. मूळ हिब्रू पाठानुसार दंड ‘इजा’ झाली की नाही यावर अवलंबून आहे. प्राचीन ग्रीक अनुवादाने मात्र तिथे घडलेला (म्हणजे मानवी आकार आलेला) गर्भ आणि न घडलेला गर्भ असा फरक घातला, आणि घडलेल्या गर्भासाठी जिवाला जीव अशी शिक्षा सांगितली. आरंभीचे ख्रिस्ती लेखक हाच ग्रीक पाठ वाचत होते. पुढच्या दीड हजार वर्षांच्या वादाचे मूळ इथे आहे.

रोमन समाजात नको असलेले मूल उघड्यावर टाकणे हा कुटुंबप्रमुखाचा अधिकार होता आणि गर्भपाताची औषधे सर्रास मिळत. अशा काळात ‘दिदाखे’ या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती पुस्तिकेने गर्भपात आणि बालहत्या या दोन्ही गोष्टी एकाच दमात निषिद्ध ठरवल्या. 314 मधील अँकायरा परिषदेने दहा वर्षांचे प्रायश्चित्त सांगितले; त्याआधीचा नियम मरेपर्यंत बहिष्काराचा होता, म्हणजे ही सवलतच. कैसरियाचा बिशप बेसिल याने घडलेला-न घडलेला ही चिकित्साच झिडकारली.

पश्चिमेत मात्र ती चिकित्सा टिकली. अॅरिस्टॉटलच्या मते पुरुषगर्भ चाळीस दिवसांनी आणि स्त्रीगर्भ नव्वद दिवसांनी घडतो. (मुलीला पन्नास दिवस उशीर का, हे त्या काळच्या पुरुषांनाच ठाऊक!) मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्वायनस यानेही बुद्धियुक्त आत्मा उशिरा येतो असेच मानले. मात्र त्याआधीचा गर्भपात अक्वायनसच्या लेखी क्षम्य नव्हता. ते पाप होते, फक्त मनुष्यवध नव्हता. 1588 मध्ये पोप सिक्स्टस पाचवा याने हा भेद मोडून सरसकट कडक शिक्षा लावली, तीनच वर्षांत ग्रेगरी चौदावा याने ती सैल केली, आणि 1869 मध्ये पायस नववा याने बहिष्काराच्या शिक्षेतून तो भेद कायमचा काढला. मधल्या काळात, 1827 मध्ये, भ्रूणशास्त्रज्ञ फोन बेअर याने सस्तन प्राण्याचे बीजांड शोधले होते. अॅरिस्टॉटलचे गर्भशास्त्र त्याआधीच डळमळले होते.

पण नव्या विज्ञानाने नवा पेचही आणला. फलनानंतर साधारण दोन आठवडे एका भ्रूणाचे जुळे होऊ शकते. मग त्याआधी तिथे ‘एक’ व्यक्ती होती असे कसे म्हणायचे? व्हॅटिकनने 1974 च्या घोषणापत्रात आत्म्याचा प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवला, आणि 1995 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपल्या विश्वपत्रात युक्तिवाद असा केला की तिथे मनुष्य असण्याची नुसती शक्यताही निषेधाला पुरेशी आहे. पडक्या वाड्यात कोणी झोपले असेल अशी शंका असताना तो सुरुंग लावून पाडता येत नाही, तसे. हा युक्तिवाद मला सर्वांत भक्कम वाटतो, कारण तो अज्ञान मान्य करून सुरू होतो.

मात्र दोन जीव एकमेकांसमोर उभे राहतात तेव्हा तो अपुरा पडतो. तिथे कॅथलिक नीतिशास्त्र ‘दुहेरी परिणामा’चे तत्त्व वापरते: आईच्या रोगावरील उपचारात गर्भाचा मृत्यू अटळ असला, तरी तो हेतू किंवा साधन नसेल, तर उपचार योग्य. कर्करोगग्रस्त गर्भाशय काढता येते. प्रोटेस्टंट धर्मपंडित कार्ल बार्ट याने 1951 मध्ये निषेध तितक्याच ठामपणे मांडून अपवादाला अधिक जागा ठेवली. अमेरिकेतील सदर्न बाप्टिस्ट मंडळींनी तर 1971 मध्ये बलात्कार, गर्भातील गंभीर व्यंग, आईचे आरोग्य या कारणांसाठी कायदेशीर मुभेचा ठराव केला, आणि 1980 पर्यंत भूमिका पार फिरवली. ‘ख्रिस्ती मत’ एकसंध असल्याचा दावा करणाऱ्यांनी हे विसरू नये.

तत्त्व कायद्यात उतरले की काय होते, ते 2012 मध्ये आयर्लंडमधील गॉलवे इथे दिसले. बेळगावच्या सविता हलप्पनवार या दंतवैद्य महिलेचा गर्भ सतराव्या आठवड्यात वाचणार नाही हे स्पष्ट झाले होते. तरी गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला गेला आणि जंतुसंसर्गाने त्या गेल्या. संसर्गावरील उपचारांना दुहेरी परिणामाच्या तत्त्वाची आडकाठी नव्हती. पण धोका जिवावरचा केव्हा झाला, हे डॉक्टरांना फौजदारी कायद्याच्या सावटाखाली ठरवायचे होते. सहा वर्षांनी 66.4 टक्के मतदारांनी गर्भपातबंदीमागची घटनात्मक तरतूद रद्द केली. नैतिक सत्य आणि दंडविधान यांच्यात अंतर राखायला हवे, ही गोष्ट ख्रिस्ती विचाराला नवी नाही; तिथे ती विसरली गेली.

महाराष्ट्रात प्रश्नाचे रूप निराळे. इथे शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली 2001 मध्ये 913 होत्या, 2011 मध्ये 894. 1988 चा राज्याचा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा देशातला पहिला. या लढ्यात स्त्रीवादी कार्यकर्त्या आणि ख्रिस्तसभा एकाच बाजूला दिसतात, पण दोघांचा पाया वेगळा. कार्यकर्त्यांच्या दृष्टीने अन्याय होतो तो स्त्रीजातीवर, आणि गर्भपाताचा हक्क त्यांना हवाच आहे. ख्रिस्ती दृष्टीने अन्याय त्या विशिष्ट गर्भावरही होतो. ही फट शब्दांनी बुजवण्यात अर्थ नाही.

उरतो जबाबदारीचा प्रश्न, आणि जुनी परंपरा इथे सर्वांत लंगडी आहे. एल्विरा आणि अँकायरा या आरंभीच्या परिषदांचे नियम स्त्रीला उद्देशून आहेत. तिला त्या अवस्थेत टाकणारा पुरुष त्यांत नाही. 1995 च्या विश्वपत्राने प्रथम गर्भाचा बाप, मग नातेवाईक, डॉक्टर, कायदे करणारे अशी दोषाची वाटणी केली, आणि गर्भपात केलेल्या स्त्रियांशी दिलाशाच्या सुरात संवाद साधला. 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सरसकट सर्व धर्मगुरूंना दिला. पण पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1863 मध्येच बालहत्या प्रतिबंधक गृह काढून विधवांना सांगितले होते की गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्या किंवा इथेच ठेवा. फुले ख्रिस्ती नव्हते. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उघडले, ते ख्रिस्ती श्रद्धेतून. गर्भातल्या जिवाची किंमत मानायची तर तिचा खर्च कोणी उचलायचा, याचे हिशेबी उत्तर या दोन घरांत सापडते. परिषदांच्या नियमांत ते नव्हते.