प्रवाळ आणि वाढता उजेड
मत्स्यालयातल्या प्रवाळाला नव्या दिव्याची सवय हळूहळू लावण्याचा रिवाज दिव्यांच्या प्रगतीतूनच रुजला, असे मला वाटते. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये मांडलेल्या सागरी मत्स्यालयाच्या पद्धतीत जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि ऊन एवढेच होते. पुढे मेटल हॅलाइड आणि एलईडी दिवे आले. एका रात्रीत उजेड कितीतरी पट वाढवता येऊ लागला. कोणी म्हणेल, समुद्रात प्रवाळे भर उन्हातच वाढतात. खरे आहे, पण ती त्या उन्हातच घडलेली असतात. अंधूक टाकीतल्या प्रवाळाच्या पेशींतले शैवाल हरितद्रव्याने गच्च असते. अचानक प्रखर प्रकाश मिळाला की त्यातून घातक ऑक्सिजन-संयुगे तयार होतात, शैवाल बाहेर फेकले जाते आणि तपकिरी फांदी पांढरीफटक पडते. म्हणून दिवा आधी उंच टांगतात, मध्ये जाळी धरतात आणि काही आठवड्यांत ती काढतात.