संगणक घेतला कोणी, वीजबिल भरलं कोणी?

संशोधनाचा विषय शोधताना आपण मोठमोठी धोरणं वाचतो आणि खरेदीचे कागद बाजूला सारतो. सरकारी कचेरीत संगणक आला, पण तो कोणत्या अटीवर आला? आज या एका प्रश्नाचा इतिहास बघू.

सुरुवात अमेरिकेतून. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1992 साली 'एनर्जी स्टार' ही खूण आणली, ती सर्वात आधी संगणक आणि मॉनिटरसाठी. काम नसेल तेव्हा यंत्राने आपोआप झोपायचं आणि 30 वॅट किंवा त्याहून कमी वीज घ्यायची, एवढीच अट. सक्ती मात्र नव्हती. 21 एप्रिल 1993 रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी कार्यकारी आदेश 12845 काढला: 180 दिवसांच्या आत सरकारी खात्यांनी याच अटीचे संगणक, मॉनिटर, प्रिंटर घ्यायला लागायचं. त्यात एक बारीक कलम आहे. ही सोय यंत्र पाठवतानाच चालू केलेली असावी. कचेरीतला माणूस सेटिंग शोधत बसणार नाही, हे लिहिणाऱ्याने ओळखलं होतं! अमेरिकन सरकार तेव्हा जगातलं संगणकांचं सर्वात मोठं गिऱ्हाईक. ते गमावणं कंपन्यांना परवडणारं नव्हतं, त्यामुळे ही सोय बाजारभर पसरली.

आता आपल्याकडे या. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा, ऊर्जा दक्षता ब्युरो 2002 चा, स्टार लेबल 2006 चं. लॅपटॉपसाठी लेबल 2011 मध्ये आलं, तेही ऐच्छिक. केंद्राच्या खर्च विभागाने 2013 मध्ये सरकारी खरेदीसाठी किमान स्टार ठरवले, ते एसी, फ्रिज, पंखे आणि गिझरला. संगणक त्या यादीत नव्हता.

आणि नेमक्या 2011 मध्येच महाराष्ट्राने 'संग्राम' म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र प्रकल्प सुरू केला. राज्यात ग्रामपंचायती सुमारे 28 हजार. बुलढाणा जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यातलं वरवट बकाल डोळ्यासमोर आणा. अशा गावात दाखल्यासाठी लोक ताटकळतात आणि लाइट गेली की सगळी भिस्त यूपीएसच्या बॅटरीवर. तिथे कमी वॅटचं यंत्र म्हणजे बॅटरी संपायच्या आत आणखी काही दाखले.

एक हिशोब करू. समजा, बिनकामाचा चालू संच 100 वॅट घेतो, दिवसाला 4 तास, वर्षाला 300 दिवस. झाले 120 युनिट. एका ग्रामपंचायतीला हे किरकोळ वाटेल. 28 हजारांनी गुणा: 33 लाख 60 हजार युनिट. हा आकडा गृहीतकावरचा आहे, प्रबंधात तसाच टाकू नका, मोजून टाका.

मग अशी अट आपल्याकडे का रुजली नाही? माझं म्हणणं असं: आपल्या निविदेत सर्वात कमी दर देणारा, म्हणजे एल-वन, जिंकतो. दर खरेदीच्या दिवशीचा बघतात. पुढच्या पाच-सात वर्षांची वीज त्यात धरलेली नसते. शिवाय यंत्र वरच्या योजनेतून येतं आणि बिल गावाच्या निधीतून जातं. ज्याने निवडलं त्याला झळ लागत नाही, ज्याला झळ लागते त्याने निवडलेलं नसतं.

हे खोडायचं असेल तर खुशाल खोडा, पण कागदांवर. ग्रामपंचायतीचा नमुना 16, म्हणजे आपलं डेडस्टॉक रजिस्टर, बघा: यंत्र कधी आलं, किती किमतीचं. त्याशेजारी त्याच वर्षांची वीजबिलं ठेवा. मूळ निविदेतल्या तांत्रिक अटी माहिती अधिकारात मागा आणि त्यात 'वॅट' हा शब्द कुठे येतो का, ते शोधा. नसेल, तर तेही नोंदवून ठेवा. न घातलेली अट हासुद्धा इतिहासाचा पुरावा असतो.