परवाना कोणाचा, जबाबदारी कोणाची?
मुंबई इलाख्यातील दारूच्या दुकानांचे नियम : गुत्त्यापासून आडव्या बाटलीपर्यंत

दारूच्या इतिहासावर लिहिणाऱ्याने त्या व्यवहाराशी असलेले आपले नाते आधी सांगून टाकावे. मी पिणारा नाही. पण १९९० च्या सुमारास दोन वर्षे एका परमिट रूमच्या गल्ल्यावर बसत असे. शेठने पहिल्याच दिवशी माझ्या हाती परवान्यांचे एक पुस्तक दिले. ग्राहकाने एक दिवसाचा दारू पिण्याचा परवाना घेतला, अशी त्यात नोंद करायची. ग्राहक काही परवाना मागत नसत आणि आम्हीही विचारत नसू. रात्री दुकान बंद झाल्यावर मी बसून नावे भरत असे. शाळेतल्या मास्तरांची, गावाकडच्या भाऊबंदांची, वर्तमानपत्रात दिसलेली, सुचतील ती नावे.

एका संध्याकाळी दाराबाहेर एक बाई येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. मला खुणेने बोलावून म्हणाल्या, "दादा, त्यांना आता आणखी देऊ नका. उद्या पोराची फी भरायची आहे." मी शेठकडे पाहिले. शेठ वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "वहिनी, मी नाही दिली तर पलीकडचा देईल." बाई निघून गेल्या. त्यांच्या नवऱ्याला आणखी एक क्वार्टर गेली आणि त्या रात्री मी पुस्तकात एक नाव जास्त लिहिले.

दुकानात काचेच्या चौकटीत लावलेला परवाना मी त्यानंतर प्रथमच वाचला. ज्याच्याकडे परवाना आहे त्यालाच दारू द्यायची, अल्पवयीन माणसाला द्यायची नाही, ठरल्या वेळी दुकान बंद करायचे, हिशेब ठेवायचा. नियमांची उणीव नव्हती. मग ते भिंतीवरून खाली का उतरत नाहीत, हा प्रश्न तेव्हा मनात आला आणि पुढची तीस वर्षे जमेल तसे वाचन करून मी त्याचे उत्तर शोधत राहिलो. हा लेख म्हणजे त्या शोधाचा गोषवारा.

महसुलाची घागर

पेशवाईतल्या कागदांत मद्याच्या मनाईचे हुकूम सापडतात. तोफखान्यातल्या फिरंगी ख्रिस्ती लोकांना त्यातून दिलेली सूटही सापडते. म्हणजे कोणाला चालेल आणि कोणाला नाही, हे सरकारने ठरवण्याची रीत इंग्रजांनी आणलेली नाही. इंग्रजांनी आणला तो हिशेब.

कंपनी सरकारच्या काळात दारूच्या विक्रीचा मक्ता लिलावाने दिला जाई. कोकणात भंडारी माडाची ताडी काढत, डोंगरपट्ट्यात आदिवासी मोहाच्या फुलांची दारू गाळत आणि या गावोगावच्या भट्ट्यांवर सरकारची नजर पुरत नसे. १८७८ साली मुंबई अबकारी कायदा झाला आणि ही सारी व्यवस्था पालटली. त्यामागचा प्रमुख अधिकारी चार्ल्स प्रिचर्ड हा जकात, मीठ, अफू व अबकारी या खात्यांचा कमिशनर होता. ज्या खात्यात मीठ आणि अफू, त्याच खात्यात दारू. पिणाऱ्याची तब्येत किंवा त्याचे घर यांचा विचार करणारे कोणी त्या खात्यात नव्हते.

नव्या व्यवस्थेत गावच्या भट्ट्या विझल्या आणि दारू मोठ्या, सरकारी देखरेखीखालच्या कारखान्यांत गाळली जाऊ लागली. मुंबईची तहान भागवणारे उरणचे कारखाने त्यांतले सर्वांत नावाजलेले. ते बहुतेक पारशी व्यापाऱ्यांच्या हाती होते आणि त्यांना लागणारी मोहाची फुले पंचमहालासारख्या लांबच्या मुलखातून येत. माडावरचा कर वाढला म्हणून भंडाऱ्यांनी गाऱ्हाणी केली. पुढे १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा वेगळा कायदा झाला आणि अंगणात पडलेली फुले साठवणे हाही अपराध होऊ शकला.

मात्र माझ्या प्रश्नाशी थेट संबंध येतो तो मक्त्यातल्या एका अटीचा. मक्तेदाराने वर्षाला किमान अमुक इतका महसूल देण्याची हमी द्यायची. दारू कमी खपली तर तूट त्याने स्वतःच्या खिशातून भरायची. आता जुगार चालू देऊ नये, दंगा होऊ देऊ नये, या अटी परवान्यात लिहिलेल्या असोत की नसोत, जो दुकानदार झिंगलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवील तो वर्षअखेरीस तोट्यात जाणार. नियम सांगतो आवर घाल, करार सांगतो खप वाढव. दोन्ही कागदांवर सही एकाच सरकारची.

विलायतेत आणि इथे

ही गोष्ट साऱ्या जगात अशीच होती, असे म्हणून सुटता येत नाही. खुद्द इंग्लंडमध्ये १५५२ पासून मद्यगृहाचा परवाना देण्याचे काम गावोगावच्या जस्टिस ऑफ द पीस या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होते. कर गोळा करणारे खाते वेगळे होते. १८७२ च्या तिथल्या कायद्याने आपल्या जागेत नशाबाजी चालू देणाऱ्या आणि नशेत असलेल्या माणसाला आणखी दारू विकणाऱ्या दुकानदाराला दंड ठरवला. तिथेही हा नियम काटेकोर पाळला गेला असे नाही. पण निदान परवाना देणाऱ्याचे पोट विक्रीवर अवलंबून नव्हते. शेजाऱ्यांनी तक्रार केली तर तो ऐकू शकत होता.

आपल्याकडे परवाना कलेक्टरचा. हुद्द्याचे नावच वसूल करणारा. परवाना देणारा, कर घेणारा आणि नियम मोडल्यास शिक्षा करणारा असे तिन्ही हात एकाच धडाचे होते. या एका फरकात आपल्या मद्यविक्रीच्या नियमांचा पुढचा बहुतेक इतिहास सामावला आहे, असे माझे मत आहे.

लोकांना हे तेव्हाही कळत होते. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० च्या जुलैमध्ये त्यांनी पालिकेच्या कारभाऱ्यांना पत्र लिहून शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध तक्रार केली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या 'दीनबंधू'ने हा विषय उचलून धरला. दुकान कुठे असावे हे ठरवताना तिथे राहणाऱ्यांना विचारा, असा प्रश्न इथून सार्वजनिक होतो.

३० एप्रिल १८८९ रोजी लंडनच्या पार्लमेंटात सॅम्युएल स्मिथ आणि केन या सभासदांनी हिंदुस्थानातल्या अबकारी धोरणाचा निषेध करणारा ठराव आणला आणि सरकारचा विरोध असूनही तो थोड्या मतांनी संमत झाला. त्यानंतर सरकारी भाषा बदलली. कमीत कमी खप आणि जास्तीत जास्त महसूल, हे धोरणाचे सूत्र म्हणून सांगितले जाऊ लागले. दुकाने कमी करा, कर वाढवा. ऐकायला ते बरोबर वाटते. पण खप खरोखर घटू लागला की महसुलाचे काय, या प्रश्नापाशी ते सूत्र दरवेळी अडखळत असे. १९०५ च्या अबकारी समितीच्या चौकशीनंतर मोठ्या शहरांत दुकानांच्या जागांविषयी सल्लागार समित्या आल्या. त्यांना सल्ला देता येई, नकार देता येत नसे.

नकार लोकांनी रस्त्यावर दिला. १९०८ च्या एप्रिलमध्ये पुण्यात स्वयंसेवक गुत्त्यांच्या दारात उभे राहून आत जाणाऱ्यांना हात जोडू लागले. लोकमान्य टिळकांनी या चळवळीचा उघड पुरस्कार केला आणि सरकारने ती दडपली. १९२२ मध्ये पालघरच्या किनारपट्टीकडून निघालेली देवीची चळवळ डोंगरातल्या आदिवासी पाड्यांतून थेट सुरतेपर्यंत गेली. देवीच्या आज्ञेने हजारोंनी दारू-ताडी सोडली आणि दुकानदारांवर बहिष्कार घातला.

पिणाराच गुन्हेगार

१९३७ साली काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. अबकारी खाते डॉ. एम. डी. डी. गिल्डर या नामांकित डॉक्टरांकडे होते. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहर आणि उपनगरांत दारूबंदी झाली. बुडणारा महसूल भरून काढण्यासाठी शहरातल्या स्थावर मालमत्तेवर १० टक्के कर बसवला गेला. त्याविरुद्ध मोठी ओरड झाली. तरीही या निर्णयाची एक बाजू नोंदवण्याजोगी आहे. दारूवाचून राज्य चालवायचे तर पैसा दुसरीकडून आणावा लागेल, हे निदान एकदा सरकारने उघडपणे मान्य केले. मंत्रिमंडळ काही महिन्यांतच गेले आणि बंदीही ढिली पडली.

स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ आला. तो १६ जून १९४९ पासून अमलात आला. बाळसारा नावाच्या नागरिकाने त्याला आव्हान दिले. २५ मे १९५१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने औषधी व सौंदर्यप्रसाधनांसंबंधीची आणि अशी काही कलमे रद्द केली, पण कायद्याचा गाभा कायम ठेवला.

या कायद्याने एक मोठा बदल झाला, त्याकडे फारसे लक्ष जात नाही. आधी परवाना विकणाऱ्याला लागत असे. आता पिणाऱ्यालाही लागू लागला. प्रकृतिस्वास्थ्यासाठी दारू आवश्यक आहे, असे कारण दाखवून माणसाने परमिट काढायचे. ज्यांना डॉक्टरी दाखला मिळवणे जमले ते परमिट घेऊन प्याले. ज्यांना जमले नाही ते आंटीच्या अड्ड्यावर गेले. हातभट्टीवाल्याला ना वेळेचे बंधन, ना वयाचे, ना मालाच्या शुद्धतेचे.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९६३ नंतर आणि पुन्हा १९७२ च्या सुमारास, बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली. मात्र कायदा रद्द झाला नाही. दुकाने उघडली, ती दारूबंदी कायद्याखालीच. 'परमिट रूम' या शब्दाचे मूळ इथे आहे. परमिटधारकांना पिता यावे म्हणून राखलेली खोली. पुढे खोल्या वाढल्या आणि परमिट पाच रुपयांचे झाले. विदेशी मद्यासाठी एक दिवसाचे ५ रुपये, वर्षाचे १०० आणि आयुष्यभराचे १,००० रुपये. कारण अजूनही तेच, प्रकृतिस्वास्थ्य. कायद्याच्या नावातला 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आला, 'दारूबंदी' मात्र तशीच राहिली.

आपल्या राज्याने जबाबदारीचा कागद अशा रीतीने दुकानदाराकडून ग्राहकाच्या खिशात नेऊन ठेवला. सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षे, इतर मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. शाळा आणि देवळापासून ७५ मीटरचे अंतर आहे. पण अंतर एकदाच, परवाना देताना मोजले जाते. दुकानातल्या माणसाला आणखी द्यावी की नाही, हा प्रश्न रोज संध्याकाळी येतो आणि तो गल्ल्यावरच्या पगारी पोरावर सोडलेला असतो. महामार्गापासून ५०० मीटरचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला, तेव्हा साऱ्या राज्यात टेप घेऊन मोजणी सुरू झाली. अंतर मोजता येते म्हणून आपण अंतरावरच भांडतो.

आडवी बाटली

या सगळ्या इतिहासात जिचा संसार पणाला लागतो ती बाई कुठेच नाही. अर्जात नाही, मक्त्यात नाही, सल्लागार समितीत नाही. तिचा प्रवेश होतो तो मतपत्रिकेवरच्या दोन चित्रांमधून. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा.

२००८ च्या सरकारी आदेशानुसार गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी, अथवा एकूण मतदारांपैकी तितक्यांनी, सह्या करून मागणी केली की गुप्त मतदान घ्यावे लागते. अट कठीण आहे. मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, तर यादीतल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी बाई मजुरीला गेली, जी माहेरी गेली, जिचे नाव मरूनही यादीत राहिले, त्या सगळ्यांची मते दुकानाच्या बाजूने धरल्यासारखे होते. आमदार-खासदारांना ही अट लावली तर किती जण निवडून येतील, हे वाचकांनीच मोजावे. तरीही अनेक गावांनी ही लढाई जिंकली आहे.

दुकान बंद झाले की प्रश्न सुटतो, असा माझा दावा नाही. वर्ध्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून जिल्हाबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. चोरटी दारू हे बंदीच्या विरोधकांचे म्हणणे खोटे नाही. मुंबईत मालवणीला २०१५ च्या जूनमध्ये विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, तीही चोरट्या मालाने. परवानाधारक दुकान असावे, हा युक्तिवाद याच कारणाने केला जातो आणि तो मला पटतो. पण मग त्या परवान्याला काही अर्थ असला पाहिजे. चोरट्या अड्ड्यापेक्षा परवान्याचे दुकान चांगले, ते तिथे कोणीतरी 'आता पुरे' म्हणू शकते म्हणून. ते म्हणण्याची सोय नसेल तर दोहोंत फरक फक्त कराचा उरतो.

दीडशे वर्षांच्या या कागदांतून मला दिसलेले उत्तर साधे आहे. विक्रीवर ज्याचे उत्पन्न आहे त्याने स्वतःच विक्रीला आवर घालावा, ही अपेक्षा उरणच्या मक्तेदाराकडून पुरी झाली नाही, माझ्या शेठकडून झाली नाही आणि सरकारकडूनही होणार नाही. परवाना देण्याचा आणि त्याचे नूतनीकरण रोखण्याचा अधिकार काही अंशी तरी महसूल खात्याच्या बाहेर, त्या वस्तीच्या हाती असायला हवा. आडवी बाटली हे त्या दिशेचे पहिले पाऊल होते. पण ते दुकान पूर्ण बंद करण्यापुरतेच आहे. दुकान चालू ठेवून ते नीट चालवायला लावण्याचा हक्क दारात उभ्या राहिलेल्या त्या बाईंना अजून मिळालेला नाही.

ते परमिटचे पुस्तक मी नोकरी सोडताना शेठला परत केले. आत लिहिलेली नावे कोणी कधी तपासली नाहीत. त्यांत एक नाव माझेही होते. एका रात्री दुसरे सुचले नाही म्हणून लिहिलेले. म्हणजे सरकारी दप्तरात कुठेतरी अशी नोंद पडून असेल, की माझ्या प्रकृतिस्वास्थ्यासाठी मला एक दिवस दारू आवश्यक होती.