मुद्दे कोणी काढायचे?

मलकापूरहून नांदुऱ्याकडे निघाले की मुंबई-कोलकाता महामार्गावर वडनेर भोलजी लागते. बुलढाणा जिल्ह्यातल्या अशा गावात सातवीच्या वर्गात निबंध कसा शिकवला जातो, हे सांगायला तिथे जाऊन बसावे लागत नाही, कारण मराठी मुलुखात त्याची रीत एकच आहे. मास्तर किंवा बाई फळ्यावर विषय लिहितात, त्याखाली पाच-सहा मुद्दे देतात: प्रस्तावना, महत्त्व, फायदे, तोटे, उपाय, समारोप. मुलांनी एकेका मुद्द्याच्या चार-चार ओळी करायच्या, की निबंध झाला. गाईडात हेच मुद्दे छापलेले असतात, आणि दहावीच्या कृतिपत्रिकेतही प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन अशा प्रकारांशेजारी बहुधा मुद्द्यांची चौकट तयार असते. याला आपण आराखड्याचे शिक्षण म्हणतो. पण ज्या आराखड्यातला एकही मुद्दा मुलाने शोधलेला नाही, एकही गाळलेला नाही, एकाचीही जागा बदललेली नाही, तो मुलाचा आराखडा कसा? आपण आराखडा शिकवत नाही, वाटतो. आणि ही रीत आपल्या भाषेच्या स्वभावातून आलेली नाही, ती परीक्षेच्या सोयीतून आलेली आहे, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

बुलढाणा ज्या वऱ्हाडात येतो, त्या वऱ्हाडातूनच सुरुवात करता येते. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या लोकांनी मराठी गद्याचा जो व्यवहार उभा केला, त्यात लेखनाची दोन वेगवेगळी कामे स्पष्ट दिसतात. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या मागे त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी नागदेवाचार्यांना आणि इतर भक्तांना विचारून विचारून स्वामींच्या आठवणी, म्हणजे लीळा, गोळा केल्या. त्यातून सुमारे १२७८ मध्ये 'लीळाचरित्र' झाले. हे काम साहित्य जमवण्याचे. त्या लीळांतही मांडणी आहेच. स्वामी एकटे हिंडत होते तो काळ 'एकांका'त, पुढचा 'पूर्वार्ध' आणि 'उत्तरार्धा'त, अशी विभागणी आहे. बुलढाणा जिल्ह्यातली मेहकर, लोणार ही गावेही त्यात येतात. पण विचाराची मांडणी त्यानंतर झाली. याच पंथातल्या केशिराजबासांनी या पसाऱ्यातून स्वामींची वचने वेचून 'सूत्रपाठ' केला, आणि 'दृष्टांतपाठा'त त्यांनी जी रचना केली ती निबंध शिकवणाऱ्या प्रत्येकाने पाहावी अशी आहे. ११४ दृष्टांत, आणि प्रत्येकाची घडण तीन पायऱ्यांची: आधी सूत्र, मग स्वामींनी सांगितलेला दृष्टांत, मग त्या दृष्टांताचा सूत्राशी संबंध उलगडून दाखवणारे दार्ष्टांतिक. जन्मांधांनी हत्ती चाचपल्याची गोष्ट त्यात आहे. नुसती गोष्ट सांगून केशिराजबास थांबत नाहीत. गोष्टीतले काय कशासाठी आले, हे तिसऱ्या पायरीवर बांधून दाखवतात. विधान, दाखला, आणि दाखल्याची विधानाशी जोडणी. आजच्या मुलांच्या निबंधात नेमकी ही तिसरी पायरी गायब असते. उदाहरण येते आणि लोंबकळत राहते.

यावर कोणी म्हणेल की महानुभावांचे ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद होते, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ते पंथाबाहेरच्यांना वाचता येत नव्हते, मग शाळेच्या निबंधाशी त्यांचा संबंध काय? आक्षेप बरोबर आहे. वंशावळ जोडण्याचा माझा हेतूही नाही. या ग्रंथांवरून दोन गोष्टी सिद्ध होतात. मुद्देसूद मांडणी ही इंग्रजांनी आणलेली वस्तू नव्हे. मराठी गद्याच्या अगदी पहिल्या पिढीने ती साधली होती. आणि त्या कामात क्रम ठरलेला होता: आधी म्हाइंभट, मग केशिराजबास. आधी जमवाजमव, मग निवड आणि बांधणी. सातवीच्या फळ्यावर आज तो क्रम उलटा झाला आहे. बांधणी आधी येते, आणि तिच्यात भरायला काही असलेच तर नंतर.

गावोगावच्या मराठी लेखनात आणखी एक आराखडा होता, तो दप्तराचा. कुलकर्णी, फडणीस, कारकून कलमवार लिहीत. यादी, करारमदार, हुकूम सगळे कलमांनी मांडलेले असे, आणि कलमे नीट पाडणे ही कारकुनाची लायकी समजली जाई. मोडी लिपीत शब्द तोडून लिहीत नसत, विरामचिन्हे नव्हती, परिच्छेद आजच्या अर्थाने नव्हते. तेव्हा कलम हाच वाचणाऱ्याचा आधार होता. कोशकार मेजर थॉमस कँडींनी १८५० मध्ये विरामचिन्हांवर पुस्तक केले आणि बाळबोध म्हणजे देवनागरी लिपीतल्या छापील गद्याला आजचे रूप येऊ लागले. पण कलमाचा स्वभाव मोजदादीचा आहे. पहिले कलम आणि चौथे कलम यांची अदलाबदल केली तरी बहुधा काही बिघडत नाही. 'फायदे, तोटे, उपाय' ही आजची चौकट या कलमबंदीच्या जवळची आहे, दृष्टांतपाठाच्या नव्हे. तिच्यात गोष्टी मोजल्या जातात, एकीतून दुसरी निघत नाही.

एकीतून दुसरी निघणारा, शाळकरी मुलाने लिहिलेला मराठी निबंध पाहायचा असेल तर १८५५ सालाकडे जावे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या, साधारण चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत आला. आजच्या हिशेबाने ही आठवी-नववीची मुलगी. तिच्या दुःखाचे वर्णन पुष्कळांनी उद्धृत केले आहे; तिच्या मांडणीकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. ती दुःखापासून सुरुवातच करत नाही, धर्मग्रंथापासून करते. वेद आमचेच असे ब्राह्मण म्हणत असतील तर आमच्याकडे धर्मपुस्तक नाही हे उघड झाले; मग आमचा धर्म कोणता, असा पेच ती आधी टाकते. हा पेच टाकल्यावरच ती इतिहासाकडे वळते: जमिनीवरून हुसकावून लावणे, वाड्यांच्या पायात माणसे गाडणे, बाजीराव पेशव्याच्या अमलात तालीमखान्यापुढून गेल्याबद्दल होणारी शिक्षा, लिहिता-वाचता येणाऱ्यावरचा रोष. तिथून ती बाळंतपणाला घरावर छप्परही नसलेल्या बायांच्या हालांवर येते, आणि शेवटी आपल्याच लोकांना शिकण्याचे आवाहन करते. हा क्रम मोडून पाहावा. बाळंतिणीचा परिच्छेद पहिला घेतला तर निबंध दयेची याचना होतो. धर्मग्रंथाचा पेच शेवटी टाकला तर तो शेपटासारखा चिकटवलेला वाटतो. आहे त्या क्रमाने तो युक्तिवाद होतो: ज्या धर्मात आम्हाला जागा नाही त्या धर्माच्या राज्यात आमचे काय झाले, आणि म्हणून आम्ही काय करावे. शिक्षकांनी हात फिरवला असेल, शुद्धलेखन तपासले असेल, हे मानायला हरकत नाही. पण छप्पर नसलेल्या बाळंतिणीचा मुद्दा कोणत्या मास्तरांच्या 'महत्त्व, फायदे, तोटे' या यादीतून निघाला असता? तो मुक्ताजवळच होता. तिचा आराखडा तिच्या म्हणण्यातून आला, कारण तिला काहीतरी म्हणायचे होते आणि तिला ते म्हणू दिले गेले.

मुक्ताच्या आधी सात वर्षे, १८४८ मध्ये, मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी साहित्य-शास्त्र सभा काढली होती. तिच्या मराठी शाखेच्या, ज्ञानप्रसारक सभेच्या बैठकांत निबंध वाचले जात आणि त्यांवर बोलले जाई. म्हणजे मराठीतल्या निबंधाच्या सुरुवातीच्या काळातच विद्यार्थी श्रोत्यांपुढे, आपापले विषय घेऊन निबंध वाचत होते. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे मासिक 'निबंधमाला' १८७४ पासून ८४ अंक चालले. तिथे एकेक निबंध अनेक अंकांत पसरलेला आहे, आणि पसरूनही सूत्र सुटत नाही. मग शाळेत काय घडले?

शाळेत परीक्षा आली. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक १८५९ मध्ये सुरू झाली आणि सगळ्या इलाख्यातल्या, नंतर वऱ्हाडातल्याही, शाळांचा कस तिच्यावर लागू लागला. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेल्या वऱ्हाडात शिक्षणखाते नव्याने उभे राहत होते. १८६७ मध्ये भुसावळ-नागपूर रेल्वे पूर्ण झाली आणि मलकापूर, नांदुरा, अकोला एका रुळावर आले. टेंभूचा गोपाळ गणेश आगरकर हा मुलगा याच अकोल्यात शिकून १८७५ मध्ये मॅट्रिक झाला आणि विष्णु मोरेश्वर महाजनींसारख्या शिक्षकाच्या आधाराने पुण्याला गेला. पुढे १८८८ मध्ये याच आगरकरांनी 'वाक्यमीमांसा' लिहून मराठी वाक्याचे पृथक्करण शाळेत रुजवले. वाक्य कसे उकलावे हे मुलांना शिकवायला मराठीला एवढे मोठे माणूस मिळाले. परिच्छेदामागून परिच्छेद कसा निघतो, हे शिकवणारे तसे पुस्तक मात्र, माझ्या माहितीप्रमाणे, वर्गात आले नाही. माझे अनुमान असे की, वाक्याचे पृथक्करण तपासता येते आणि बरोबर-चूक ठरवता येते म्हणून ते परीक्षेला मानवले; निबंधाच्या मांडणीला तशी बरोबर-चूक लावता येईना, म्हणून परीक्षेने मुद्दे आपल्याकडे घेतले. हजारो वह्या तपासणाऱ्याला प्रत्येक वहीत तेच पाच मुद्दे दिसले की गुण देणे सोपे जाते. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६२ मध्ये गावच्या शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या, १९६७ मध्ये पाठ्यपुस्तके काढणारी बालभारती स्थापन झाली. खाती बदलली, पुस्तके बदलली, परीक्षा घेणारी मंडळे बदलली; मुद्दे मात्र फळ्यावरच राहिले.

यातली सर्वांत बोलकी बाब शिक्षकांच्याच टेबलावर असते. महाराष्ट्रातला शिक्षक पाठटाचण लिहितो. शिक्षणशास्त्रज्ञ हर्बार्टच्या नावाने ओळखली जाणारी पंचपदी, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्या, आपल्या डी.एड., बी.एड.च्या पिढ्यान्‌पिढ्यांनी पाठ केली: पूर्वज्ञानापासून सुरुवात, मग नवी माहिती, तुलना, निष्कर्ष, उपयोजन. म्हणजे आधी काय सांगायचे, कशावर काय उभे राहते, याचा आराखडा करणे हे शिक्षक होण्याचे पहिले शिक्षण. जे कौशल्य आपण मोठ्या माणसाला दोन वर्षे शिकवतो, ते बारा वर्षांच्या मुलाला शिकवण्यासारखे नाही असे कोणी ठरवले? उलट त्याला तेच सोपे जाईल, कारण त्याला तासाचे वेळापत्रक सांभाळायचे नसते.

दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला असा: शहरातले, घरात पुस्तके असलेले मूल मुद्दे काढील; वडनेरच्या शेतमजुराच्या मुलाकडे मुद्दे येणार कुठून? दिलेले मुद्दे काढून घेतले तर तेच मूल मागे पडेल. या आक्षेपामागची काळजी खरी आहे आणि ती झटकून टाकता येत नाही. पण मुक्ता साळवेच्या घरी कोणते ग्रंथालय होते? अडचण मुलाच्या अनुभवाची नाही, विषयाची आहे. 'विज्ञान शाप की वरदान' या विषयावर गरीब मुलाकडेच काय, कोणाकडेच स्वतःचे मुद्दे नसतात. तोच वर्ग 'आमच्या गावावरून जाणारा महामार्ग' या विषयावर सोडला तर दहा मिनिटांत वीस ओळी येतील: ट्रक, धाबे, रात्रीचा आवाज, रस्ता ओलांडताना लागणारा वेळ, नांदुऱ्याला कापूस नेणे, दवाखान्यात लवकर पोचणे, अपघात, पूर्वीचा ६ नंबर आता ५३ झाला. इथपर्यंत म्हाइंभटांचे काम झाले. आता एकच प्रश्न विचारायचा: या सगळ्यातून तुला काय म्हणायचे आहे? एक मुलगी म्हणेल, रस्त्याने गाव जोडले पण मधोमध कापले. तिने हे म्हटल्याबरोबर नंबर बदलल्याची ओळ तिला लागत नाही, ती खोडावी. दवाखाना आणि कापूस एका बाजूला जातात, ओलांडणे आणि अपघात दुसऱ्या बाजूला. कोणती बाजू आधी घ्यायची हे तिने ठरवायचे आणि का ते एका ओळीत सांगायचे. दुसरा मुलगा म्हणेल, रस्त्याने रोजगार आणला. त्याच्याकडे धाबे पहिल्या परिच्छेदात येतील आणि रात्रीचा आवाज कदाचित येणारच नाही. एका विषयावर एका वर्गात दोन वेगळे आराखडे झाले, आणि दोन्ही बरोबर आहेत. खोडणे आणि क्रम लावणे हाच आराखडा, आणि नेमके तेच काम छापील चौकट मुलाच्या हातून काढून घेते.

दुसरा आक्षेप तपासणीचा. प्रत्येकाचा आराखडा वेगळा असेल तर गुण कसे द्यायचे? यालाही उत्तर आहे. आराखड्याला वेगळे गुण ठेवावेत आणि तीनच गोष्टी पाहाव्यात: मुलाचे एक म्हणणे आहे का, प्रत्येक मुद्दा त्या म्हणण्याशी जोडलेला आहे का, आणि दोन मुद्द्यांची अदलाबदल केली तर निबंध बिघडतो का. तिसरी कसोटी सगळ्यांत कडक आहे, आणि ती कोणत्याही विषयाला लावता येते. तपासायला वेळ अधिक लागेल, हे खरे. पण आज एकसारख्या तीस वह्या तपासण्यात जो वेळ जातो त्यातून शिक्षकाला मुलाविषयी काहीही कळत नाही.

उत्स्फूर्ततेचा मुद्दा काही कवी-लेखक काढतात. आराखड्याने लेखन कोरडे होते म्हणतात. ज्याच्या हातून शंभर लिखाणे होऊन गेली त्याच्या डोक्यात आराखडा न लिहिताही असतो. सातवीच्या मुलाची सवय अजून घडायची आहे, आणि ती त्याला आज न देता पुढे त्याच्याकडून उत्स्फूर्ततेची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

वडनेर भोलजीच्याच काय, कोणत्याही मराठी शाळेतल्या सहावी ते आठवीच्या शिक्षकांना माझी विनंती एवढीच: येत्या सत्रातल्या एका तरी चाचणीत निबंधाचा विषय गावातला घ्या, मुद्द्यांची चौकट कोरी सोडा, मुलांना वही आडवी धरायला सांगून तिच्यासाठी पंधरा मिनिटे द्या, आणि दहापैकी चार गुण त्या पानाला ठेवा.