अवर्षण आभाळाचे, पाणी कोणाचे? इंग्लंडमधील तीन दुष्काळांचा इतिहास

१/
१९९५ च्या शरद ऋतूत इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या महामार्गांवरून रात्रंदिवस पाण्याचे टँकर धावत होते. मराठवाड्यातील वाचकाला हे दृश्य नवे नाही; पण ज्या देशात पावसाची तक्रार हा रोजच्या गप्पांचा विषय, तेथे ते अघटित होते. टँकरवर खर्च झाला सुमारे ४ कोटी ७० लाख पौंड. पाणी मिळाले, शहरे कोरडी पडली नाहीत. तरीही लोकांचा संताप शमला नाही. तो संताप केवळ अवर्षणाचा नव्हता. त्याची मुळे शंभर वर्षे मागे जातात.

२/
लंडनच्या नळपाण्याचा आरंभच खासगी भांडवलातून झाला. १६१३ मध्ये ह्यू मिडल्टन याने हर्टफर्डशायरमधील झऱ्यांचे पाणी कालव्याने शहरात आणले. त्यातून ‘न्यू रिव्हर कंपनी’ उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनचा पाणीपुरवठा आठ कंपन्यांत विभागलेला होता. प्रत्येकीचा प्रदेश ठरलेला असे. ग्राहकाला कंपनी निवडण्याची सोय नव्हती. घर ज्या भागात, त्या भागाच्या कंपनीचे पाणी.

३/
पूर्व लंडनमधील गोदी कामगार, शिंपी, काडेपेट्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या मुली या साऱ्यांना ‘ईस्ट लंडन वॉटरवर्क्स कंपनी’ पाणी पुरवी. तिच्याविषयीची कटुता जुनी होती. १८६६ च्या पटकीच्या साथीत पूर्व लंडनमध्ये साडेपाच हजारांहून अधिक माणसे दगावली. न गाळलेले पाणी आपण पुरवतच नाही, असे कंपनीच्या अभियंत्याने वृत्तपत्रातून ठासून सांगितले होते. चौकशीत ते खोटे ठरले. साथ ओसरली, कंपनी मात्र तीच राहिली.

४/
१८९५ च्या हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीने रस्त्याखालचे नळ गोठले आणि फुटले. त्याच वर्षी उन्हाळ्यात अवर्षण पडले. १८९६ मध्ये पुन्हा टंचाई, १८९८ मध्ये आणखी तीव्र. लोकांच्या तोंडी ‘पाण्याचा दुष्काळ’ हा शब्द रूढ झाला. नळाला दिवसातून काही तासच पाणी येई. ज्यांच्या घरी साठवणीची टाकी नव्हती, आणि गरिबांच्या वस्तीत ती क्वचितच असे, त्यांनी बादल्या, घागरी, हाती लागेल ते भांडे भरून ठेवावे, एवढाच मार्ग होता.

५/
कंपनीचे म्हणणे दुहेरी होते. एक, पाऊसच पडला नाही, त्याला कोण काय करणार? दोन, लोक पाण्याची नासाडी करतात. तोट्या गळतात आणि बागांना नळीने पाणी घातले जाते. लोकांचा प्रतिप्रश्न अगदी व्यवहारी होता. पाणीपट्टी घराच्या मूल्यावर आकारली जाई, वापरावर नव्हे. मग पाणी चार-सहा तास आले तरी पट्टी पूर्ण का भरावी? ग्राहकांच्या संघटना उभ्या राहिल्या, सभा गाजल्या आणि काहींनी पट्टी भरण्यास नकार दिला.

६/
सर्वाधिक बोचणारी बाब वेगळीच होती. शेजारच्या कंपन्यांकडे पाणी होते. एकाच शहरात एका रस्त्यावर नळ कोरडा आणि पलीकडच्या रस्त्यावर वाहता, असा प्रकार होता. कारण निरनिराळ्या कंपन्यांचे नळ परस्परांना पुरेसे जोडलेले नव्हते. अखेर इतर कंपन्यांचे पाणी पूर्व लंडनकडे वळवावे लागले आणि आणीबाणीत कंपन्यांनी एकमेकींना पाणी द्यावे, यासाठी १८९९ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला. तुटवडा निसर्गाने निर्माण केला होता. पण तो एका वस्तीच्या वाट्याला यावा आणि दुसरीच्या येऊ नये, ही मांडणी माणसांनी केलेली होती.

७/
तोवर इतर शहरे पुढे गेली होती. ग्लासगोने कॅटरिन सरोवराचे पाणी १८५९ मध्ये नगरपालिकेच्या खर्चाने आणले. बर्मिंगहॅममध्ये महापौर जोसेफ चेंबरलेन याने १८७० च्या दशकात गॅस आणि पाणी दोन्ही कंपन्या शहराच्या ताब्यात घेतल्या. हा स्वतः कारखानदार. गॅसवर पालिकेने नफा मिळवावा, पाण्यावर मिळवू नये, असा भेद त्याने केला. पाणी हा त्याच्या लेखी आरोग्याचा प्रश्न होता. लंडनने मात्र तीन टंचाया सोसल्यावरच तो मार्ग धरला. १९०२ च्या कायद्याने आठही कंपन्या ‘मेट्रोपॉलिटन वॉटर बोर्ड’ या सार्वजनिक मंडळात विलीन झाल्या आणि १९०४ मध्ये मंडळाने कारभार हाती घेतला. भागधारकांना भरघोस मोबदला मिळाला. हा कायदा समाजवाद्यांनी केलेला नव्हता. तो हुजूर पक्षाच्या सरकारचा होता.

८/
दुसरा दुष्काळ १९७६ चा. मे १९७५ ते ऑगस्ट १९७६ हा सोळा महिन्यांचा काळ तोवरच्या नोंदींत सर्वांत कोरडा ठरला. इंग्लंड-वेल्सचा पाणीपुरवठा दोनच वर्षांपूर्वी, १९७४ मध्ये, दहा प्रादेशिक जलप्राधिकरणांकडे गेला होता. काही लहान खासगी कंपन्या तेवढ्या जुन्या पद्धतीने चालू होत्या. ऑगस्टमध्ये संसदेने अवर्षण कायदा संमत केला. वेल्स आणि डेव्हनच्या काही भागांत लोक रस्त्यावरच्या नळांवर बादल्या घेऊन रांगा लावू लागले. डेनिस हॉवेल यांच्यावर ‘अवर्षण मंत्री’ म्हणून जबाबदारी आली आणि थोड्याच दिवसांत पाऊस कोसळला. त्यावरचे विनोद इंग्रज आजही सांगतात.

९/
कुरकुर तेव्हाही होती. तथापि बंधने पाळली गेली. आंघोळीचे पाणी बागेला घालणे, मोटार न धुणे या गोष्टी लोकांनी बहुतांशी आपल्या मानल्या. त्यामागचे एक कारण साधे होते: वाचवलेल्या पाण्यातून कोणाला लाभांश मिळत नव्हता. बचतीचे आवाहन करणारी संस्था आणि बचत करणारा नागरिक यांच्यामध्ये भागधारक नव्हता.

१०/
म्हणून सार्वजनिक मालकीचा तो काळ सुवर्णयुग होता असे नव्हे. १९७६ च्याच आर्थिक संकटात ब्रिटनने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घेतले, सरकारी खर्चाला कात्री लागली आणि जलप्राधिकरणांची भांडवली कामे रखडली. जमिनीखालचे नळ मतदाराला दिसत नाहीत, म्हणून ते बदलण्याचा खर्च पुढे ढकलणे कोणत्याही अर्थमंत्र्याला सोपे जाते. व्हिक्टोरियन काळातील नळ गळत राहिले. दुसरीकडे युरोपीय समुदायाने पिण्याच्या आणि स्नानाच्या पाण्याचे निकष कडक केले. पैसा लागणार होता, आणि तो सरकारी हिशेबाबाहेरून यावा, अशी मार्गारेट थॅचर यांच्या सरकारची इच्छा होती.

११/
डिसेंबर १९८९ मध्ये दहाही प्राधिकरणांचे समभाग बाजारात आले. विक्रीतून सुमारे ७६० कोटी पौंड मिळाले. मात्र विक्रीपूर्वी सरकारने प्राधिकरणांचे सुमारे ५०० कोटी पौंडांचे कर्ज माफ केले आणि वर सुमारे १५० कोटी पौंड रोख दिले. कंपन्यांनी कर्जमुक्त पाटीवर कारभार सुरू केला. दरांवर देखरेख ठेवण्यास ‘ऑफवॉट’ हा नियामक नेमला गेला. त्याच्या सूत्रानुसार पाणीपट्टी महागाईच्या दरापेक्षा अधिक वाढू शके, कारण गुंतवणूक करायची होती. पट्टी खरोखरच झपाट्याने वाढली. थकबाकीपोटी नळजोड तोडण्याचे प्रकार वाढले. १९९१-९२ या एका वर्षात सुमारे २१ हजार घरांचे पाणी तोडण्यात आले.

१२/
अशा पार्श्वभूमीवर १९९५ चा उन्हाळा आला. इंग्लंड-वेल्सच्या पर्जन्यमानाची मालिका १७६६ पासून उपलब्ध आहे. तीत जून ते ऑगस्ट एवढे कोरडे कधीच नव्हते. पश्चिम यॉर्कशायरमधील जुन्या गिरणगावांना, म्हणजे ब्रॅडफर्ड, हॅलिफॅक्स, हडर्सफील्ड यांना, पेनाइन डोंगरांतील लहान-लहान जलाशयांतून पाणी मिळे. ते भराभर आटले. यॉर्कशायर वॉटर कंपनीने नळीने पाणी घालण्यावर बंदी आणली, नद्यांतून अधिक उपसा करण्याची परवानगी मागितली आणि शेवटी लाखो लोकांचे पाणी पाळीपाळीने बंद ठेवण्याचा प्रस्ताव पुढे केला.

१३/
लोकांनी प्रतिप्रश्न केला, आणि तो १८९८ च्या प्रश्नाहून फारसा निराळा नव्हता. कंपनीच्या नळांतून निघालेल्या पाण्यापैकी सुमारे ३० टक्के वाटेतच जमिनीत जिरत होते. पट्टी वाढली, लाभांश वाटला गेला, मग गळती का थांबली नाही? कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकांनी आपण तीन महिने आंघोळ केलेली नाही, असे सांगून काटकसरीचा आदर्श घालून दिला. पुढे वृत्तपत्रांनी उघड केले की ते कंपनीच्या क्षेत्राबाहेर नातेवाइकांकडे आंघोळ करत होते. साधा प्रसंग, पण त्याने कंपनीच्या आवाहनातला उरलासुरला जोर काढून घेतला.

१४/
पाणीपुरवठा बंद करण्याची वेळ आली नाही, ती टँकरमुळे. पण टँकरनेच दुसरी गोष्ट उघड केली. यॉर्कशायरच्या पूर्व भागात नद्या आणि भूजल यांचा आधार होता. इंग्लंडच्या ईशान्येस तर पाणी मुबलक होते. ते पश्चिमेकडील गावांपर्यंत नेणारे पुरेसे नळच नव्हते. पूर्व लंडनमध्ये शतकापूर्वी जे घडले, तेच येथे घडले होते: पाणी होते, जोड नव्हता. यॉर्कशायरमध्ये तर कंपनीही एकच होती. त्यामुळे हा दोष एकट्या खासगीकरणाचा म्हणता येत नाही. नळांचे हे जाळे सार्वजनिक काळातही अपुरेच राहिले होते. परंतु खासगीकरणाची हमीच ही होती की, जे सरकारला जमले नाही ते भांडवल करून दाखवील.

१५/
पुढे जे घडले ते दोन्ही बाजूंच्या कट्टर समर्थकांना अडचणीचे आहे. १९९६ मध्ये चौकशी-अहवाल आले आणि नियामकाने कंपनीवर ठपका ठेवला. १९९७ मध्ये सत्तेवर येताच मजूर सरकारने जलपरिषद बोलावली आणि गळतीची उद्दिष्टे सक्तीची केली. १९९९ च्या कायद्याने थकबाकीसाठी घरगुती नळ तोडण्यास मनाई झाली. इंग्लंड-वेल्समधील गळती १९९४-९५ मध्ये दररोज सुमारे ५१० कोटी लिटर होती. ती शतकाअखेर सुमारे ३३० कोटींच्या आत आली. यॉर्कशायर कंपनीने आपले जाळे जोडून घेतले आणि त्यानंतर २०२२ पर्यंत तेथे नळीबंदी लागली नाही. मालकी तीच होती. बदलली होती ती सक्ती आणि लोकांचा डोळा.

१६/
स्कॉटलंडने वेगळा मार्ग धरला. १९९४ मध्ये स्ट्रॅथक्लाइड प्रादेशिक परिषदेने टपालाने जनमत घेतले. ९७ टक्के मते खासगीकरणाविरुद्ध पडली आणि तेथील पाणी सार्वजनिकच राहिले. वेल्समध्ये २००१ पासून भागधारक नसलेली कंपनी पाणी पुरवते. या दोन्ही ठिकाणी नळ गळत नाहीत असे नाही. स्कॉटलंडमधील गळती तर दीर्घकाळ मोठी होती. फरक इतकाच की, वाचलेला पैसा कोठे गेला, या प्रश्नाचे उत्तर तेथे लाभांशापाशी येऊन थांबत नाही.

१७/
इंग्लंडमध्ये तो प्रश्न संपलेला नाही. कर्जमुक्त सुरू झालेल्या कंपन्यांवर आज एकूण ६,००० कोटी पौंडांहून अधिक कर्ज आहे. १९९२ मध्ये खुला झालेला डर्बीशायरमधील कार्सिंग्टन जलाशय हा इंग्लंडमधील शेवटचा मोठा नवा जलाशय, आणि त्याचे काम खासगीकरणापूर्वीच सुरू झाले होते. २०२२ च्या अवर्षणात थेम्स वॉटरचा बेक्टन येथील खारे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प बंद अवस्थेत होता. तो उभारला होता नेमका अशाच प्रसंगासाठी. २०२५ मध्ये याच कंपनीला तगून राहण्यासाठी ३०० कोटी पौंडांचे तातडीचे कर्ज घ्यावे लागले. त्याच उन्हाळ्यात यॉर्कशायरमध्ये पुन्हा नळीबंदी आली आणि सरकारने नेमलेल्या आयोगाने ‘ऑफवॉट’च बरखास्त करण्याची शिफारस केली. सार्वजनिक मालकीचा पर्याय मात्र त्या आयोगाच्या कार्यकक्षेतून आधीच वगळला होता.

१८/
१८९८, १९७६ आणि १९९५ या तिन्ही वर्षी पाऊस कमी पडला. लोकांचे वागणे मात्र सारखे नव्हते. बादली भरून ठेवण्याचे, बाग सुकू देण्याचे कष्ट माणसे सोसतात, पण आपण वाचवलेले पाणी दुसऱ्याच्या फुटक्या नळातून वाहून जात नाही, एवढी खात्री त्यांना हवी असते. ही खात्री सरकारी पाटीने आपोआप मिळत नाही आणि खासगी भांडवलानेही नाही. जमिनीखालच्या, कोणालाही न दिसणाऱ्या नळांवर दरवर्षी किती खर्च झाला, हे लोकांना विचारता येते का आणि त्याचे उत्तर मिळते का, यावर ती ठरते. पूर्व लंडनच्या ग्राहकांना ते उत्तर कंपनीकडून कधीच मिळाले नाही. म्हणून १९०४ मध्ये कंपनी गेली. यॉर्कशायरच्या ग्राहकांना ते मिळवण्यासाठी टँकर धावेपर्यंत थांबावे लागले.