जाळ गेला, निखारा राहिला

आज आम्ही तुम्हाला आकाशातल्या एका जाळाची गोष्ट सांगणार आहोत. हा जाळ काही सेकंदच दिसतो. तो येतो कुठून, हे कळायला मात्र माणसाला तीस वर्षं लागली.

गोष्टीची सुरुवात भीतीपासून झाली. १९६३ साली अमेरिका, रशिया आणि ब्रिटन यांनी करार केला, की हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात अणुबॉम्बची चाचणी करायची नाही. पण सही केली म्हणून लगेच विश्वास बसतो थोडाच? कोणी चोरून चाचणी करतंय का, हे बघायला अमेरिकेने ‘वेला’ नावाचे उपग्रह वर सोडले. बॉम्ब फुटला की गामा किरण निघतात, ते या उपग्रहांनी टिपायचे होते. कॅन्सरच्या रुग्णाला कोबाल्टच्या यंत्राने ‘शेक’ देतात ना, त्यातही गामा किरणच असतात. आकाशातून येणारे असे किरण हवा अडवते, जमिनीपर्यंत पोचूच देत नाही. म्हणून ते बघायला हवेच्या वर जावं लागतं.

२ जुलै १९६७ रोजी वेला उपग्रहांनी गामा किरणांचा एक झोत टिपला. त्याची तऱ्हा बॉम्बसारखी नव्हती. रे क्लेबेसाडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही नोंद निरुपयोगी म्हणून फेकून दिली नाही. जपून ठेवली, पुढच्या नोंदींशी ताडून पाहिली. १९७३ साली त्यांनी असे सोळा झोत जगापुढे मांडले आणि सांगितलं, हे पृथ्वीवरचे नाहीत आणि सूर्याचेही नाहीत.

मग कुठले? रात्री डोंगरापलीकडे वीज चमकते. उजेड दिसतो, पण ती कोणाच्या शिवारात पडली ते कळत नाही. तसंच झालं. १९९१ साली सोडलेल्या कॉम्प्टन दुर्बिणीला दिवसाला साधारण एक झोत दिसू लागला, तोही आकाशाच्या सगळ्या बाजूंनी. क्रिसा कूवेलियोटू या ग्रीक शास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांसोबत १९९३ साली दाखवून दिलं, की झोत दोन जातींचे आहेत. काही दोन सेकंदांच्या आत संपणारे, तर काही त्याहून लांबणारे. पण अंतर कळेना. जवळचा असेल तर जाळ लहान, फार लांबचा असेल तर कल्पनेपलीकडचा मोठा. जाणकारांमध्येही दोन तट पडले होते.

उत्तर मिळालं ते निखाऱ्यातून. चुलीतला जाळ विझला तरी निखारा धगधगत राहतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. इटली आणि नेदरलँड्स या देशांनी मिळून १९९६ साली ‘बेप्पोसॅक्स’ हा उपग्रह सोडला होता. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी त्याला मृग नक्षत्राच्या दिशेने एक झोत दिसला. या वेळी घाई कामी आली. आठच तासांत उपग्रहाच्या बारीक नजरेच्या दुर्बिणी तिकडे वळवल्या. तिथे एक्स-रे किरणांची धग दिसली. तीन दिवसांनी पाहिलं, तर ती वीसएक पटींनी मंद झालेली. म्हणजे हा विझत चाललेला निखाराच होता!

त्याच दिवशी रात्री स्पेनच्या ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणीने त्या जागेचा फोटो घेतला होता. आठवडाभराने पुन्हा फोटो काढला. पॉल ग्रूट आणि टायटस गलामा या दोन विद्यार्थ्यांनी फोटो शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा पहिल्या फोटोतला एक अंधुक ठिपका दुसऱ्यात नव्हता. झोताचा पत्ता सापडला होता.

अंतर कळलं पुढच्या मे महिन्यात. ८ मे रोजी आणखी एक झोत आला. त्याच्या निखाऱ्याचा प्रकाश हवाई बेटांवरच्या केक दुर्बिणीने तपासला, तर तो सुमारे ७०० कोटी वर्षं प्रवास करून आलेला निघाला. आपली पृथ्वी साधारण ४५० कोटी वर्षांची. म्हणजे तो प्रकाश निघाला, तेव्हा पृथ्वी जन्मलीही नव्हती! पुढे २००३ सालापर्यंत हेही पक्कं झालं, की लांबणारे झोत बहुतेक वेळा प्रचंड मोठा तारा आतून कोसळतो तेव्हा निघतात.

या निखाऱ्याची धग रेडिओ लहरींच्या रूपात कित्येक आठवडे, कधी महिनोन्महिने टिकते. रेडिओ लहरींना हवा अडवत नाही, त्यामुळे हे काम जमिनीवरूनही होतं. आपल्या पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर रुंदीच्या तीस तबकड्यांची दुर्बीण आहे. तिनेही अशी धग टिपली आहे.

मैत्रिणींनो, पहिला झोत टिपला तो एकमेकांवरच्या संशयाने. पत्ता लागला तो नोंद जपल्याने, वेळेवर धावल्याने आणि दोन फोटो शेजारी ठेवून नीट बघितल्याने. गटाची वही लिहिणाऱ्या आपल्या बायांना यातलं मोल वेगळं सांगायला नको. जाळ सगळ्यांनाच दिसतो. तो विझल्यावर राख बाजूला सारून जो बघतो, त्यालाच निखारा सापडतो.