बिस्किटाचा पुडा, तुतारी आणि पिपाणी

परवा औरंगपुऱ्यात चहाच्या टपरीवर पुन्हा तोच वाद. एक जण म्हणाला, "तुतारी वाजवणारा माणूस आणि नुसती पिपाणी, यातला फरक शेंबडं पोरही सांगेल!"

सांगेल ना. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तर मीही सांगेन. पण प्रश्न तो नाहीच, आणि हे सुप्रीम कोर्टाने 1972 मध्येच सांगून ठेवलंय. तेही बिस्किटाच्या पुड्यावरून.

पार्लेची ग्लुको बिस्किटं तेव्हा घरोघरी. पुड्यावर एक मुलगी, गाई, कोंबड्या, मागे शेतातलं घर. म्हैसूरच्या एका कंपनीने 'ग्लुकोज बिस्किट्स' काढली. पुडा जवळपास तेवढाच, रंग तसेच, नावाची अक्षरं त्याच वळणाची. चित्रातही मुलगी, गाय, कोंबड्या, घर, कुंपण! पार्ले कोर्टात गेली आणि दोनदा हरली. खालचं कोर्ट आणि म्हैसूर हायकोर्ट, दोघांनीही पुड्यांमधले फरक मोजले. मोजायला बसलं की फरक निघतातच हो.

सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला. फरक किती ते मोजू नका, ठळक गोष्टी कोणत्या ते बघा. आज एक पुडा पाहिलेल्या माणसाला पुढे कधीतरी दुसरा दाखवला, तर तो फसेल का? साधं गिऱ्हाईक म्हणजे काही शेरलॉक होम्स नव्हे, असंही कोर्टाने सुनावलं.

आता 2024 ची लोकसभा. साताऱ्यात शशिकांत शिंदे 32,771 मतांनी पडले. तिथे पिपाणीवाल्या अपक्षाला 37,062 मतं. आपल्या बीडमध्येही पिपाणीने 50 हजारांवर मतं खाल्ली, बजरंग सोनवणे जेमतेम वाचले. सगळीच मतं चुकून पडली असं मी म्हणणार नाही. पण यादीत त्या पिपाणीचं मराठी नावसुद्धा 'तुतारी'च होतं! ग्लुको-ग्लुकोज तरी बरं म्हणायचं.

मशीनवर दोन्ही चिन्हं एकाच कागदावर असतात, मान्य. पण आजीबाई तिथे तुलना करायला उभ्या नसतात. सभेत ऐकलेली तुतारी शोधतात, पहिली दिसली की बटण दाबतात.

विधानसभेआधी, ऑक्टोबर 2024 मध्ये, आयोगाने पिपाणी गोठवायला नकार दिला. तुतारीवाल्या माणसाचं चित्र तेवढं ठळक करायला होकार दिला. म्हणजे पुन्हा फरकच मोजले.